डेगीच्या बुडाशी मूठभर शाळू

१

सोमवारी सकाळी नदीच्या वाळवंटातली सेवा मंडळाची डेग नाहीशी झाली आणि माझ्या नाक्यावरचा पहिला चहा उकळायच्या आत ती बातमी मला कळली.

डेग म्हणजे काही बगलेत मारून न्यायची वस्तू नव्हे. चांगली जाड तांब्याची, दोनशे माणसांची आंबील मावेल एवढी. उचलायला दोन दांडगे गडी लागत आणि दारातून न्यायची म्हटली तर आमच्या पेठेतल्या शंभरात नव्वद दारांतून ती आत जायची नाही. असली वस्तू चोरून कोण नेणार आणि नेऊन लपवणार कुठं?

मी तात्याबा, धावडपेठ म्युनिसिपालिटीचा उंब्रज रस्त्यावरचा नाकेदार. गावात शिरणारी आणि गावाबाहेर पडणारी प्रत्येक गाडी, पाटी, पोतं माझ्या नजरेखालून जातं. माझी बायको साळूबाई म्हणते, या माणसाला एक वेळ जकात सुटली तरी चालते, पण कोण कुठं चाललंय हे सुटता कामा नये. ती खोटं बोलत नाही. मला एका जागी बसवत नाही आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय जेवण जात नाही. नोकरी मात्र जन्मभर एका जागी बसायची मिळाली.

ते सेहेचाळीस साल. माणदेशाकडं दोन वर्षं पाऊस नव्हता. मेंढरं मेली तशी धनगरांची सत्तर-ऐंशी कुटुंबं आमच्या नदीच्या वाळवंटात पालं ठोकून राहिली होती. त्यांना रोज सकाळी आंबील वाटायचं काम सेवा मंडळ करी आणि सेवा मंडळ म्हणजे आमच्या वॉर्डाचे मेंबर लालासाहेब. माणूस खरोखर चांगला. प्लेगच्या वर्षी स्वतः झोपड्या बांधल्या, तालीम उभी केली, मलाही ही नोकरी त्यांनीच लावली. खोड एकच. केलेलं चांगलं काम चार माणसांनी पाहिलं नाही तर ते झालंच नाही, असं त्यांना वाटे.

आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी साताऱ्याहून एका बड्या पाहुण्यांना आंबील वाटप बघायला आणलं होतं. हार झाले, भाषण झालं, पाहुणे गेले. दुपारपासून वाळवंटात उलट्या सुरू झाल्या. तिन्हीसांजेपर्यंत चाळीसेक माणसं पडून होती. दवाखान्याचे डॉक्टर लग्नासाठी रजेवर. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष नानासो यांनी काठावर उभं राहून नाकाला उपरणं लावलं, पटकी आहे असं ठरवलं आणि हुकूम सोडला की बुधवारी दुपारी बाराच्या आत वाळवंट रिकामं झालं पाहिजे.

त्यावर सोमवारी डेग गेली. तिच्या राखणीला धुळा नावाचा धनगर चुलीशेजारी झोपायचा. पोलिसांनी त्याला धरून चौकीत बसवला. आता नानासोंच्या हातात दोन काठ्या आल्या, एक रोगाची आणि एक चोरीची.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र धुळ्याची बायको बनुबाई येत होती. तिला नववा महिना भरत आला होता. गाव सोडायचं म्हणजे वैशाखाच्या उन्हात चाळीस मैल चालायचं, वाटेत पाणी नाही, आणि नवरा चौकीत. मला बसवेना. नाक्यावरून जाईल त्याला मी बातमी सांगत होतो. आठाच्या सुमारास उंब्रजचा बाबालाल कल्हईवाला भाता खांद्यावर टाकून आला, त्यालाही सांगितली. एरवी तो माझ्याकडं चहा घेतल्याशिवाय पुढं जात नाही. त्या दिवशी मान हलवून तसाच गेला.

गावाला नाके दोनच. दुसऱ्या नाक्यावर मी निरोप धाडला. उत्तर आलं, डेग काय, डेगीचं झाकणसुद्धा इकडून गेलेलं नाही. म्हणजे डेग गावातच होती.

२

दुपारी भाकरी बांधून मी चौकीवर गेलो. धुळा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. हातात चाती नव्हती, तरी त्याची बोटं लोकर पिळल्यासारखी हलत होती. त्याला भाकरी दिली. त्यानं ती अर्धी मोडून घोंगड्याच्या टोकात बांधली, बायकोसाठी.

मी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. रात्री झोप लागली होती का, कुणी गाडी आली का, कुत्री भुंकली का. धुळा ऐकायचा आणि जमिनीकडं बघायचा. शेवटी मी चिडलो.

"धुळा, डेग कुनी नेली ते तुला ठावं हाय."

"मला इचारू नगा, नाकेदार."

"मग कुनाला इचारू रं? परवा सगळी पालं उठवनार हाईत. तुझी बायकू कुटं जाईल?"

त्याचे डोळे भरले. तो म्हणाला, "डेग ईल माघारी. कुटं जात न्हाई ती."

आणि मग त्यानं तोंड मिटलं ते मिटलं. फौजदार बाहेर मला म्हणाले की दोन दिवसांत बोलेल, सगळेच बोलतात.

मी नाक्यावर परत आलो पण माझं डोकं त्या एका वाक्याशी अडलं होतं. चोर म्हणतो, मी नेली नाही. नाहीतर दुसऱ्याचं नाव घेतो. डेग परत येईल असं कोणता चोर सांगतो? ज्याच्यादेखत ती नेली आणि ज्याला आणून देतो असा शब्द मिळाला, तोच असं बोलेल. आणि तो शब्द देणारा माणूस एवढा मोठा किंवा एवढा जवळचा, की त्याच्यासाठी धुळा गरोदर बायकोला वाऱ्यावर सोडून गप्प बसला होता.

३

मंगळवारी मी नाक्यावर शिपाई बसवला आणि वाळवंटात गेलो. पटकीच्या भीतीनं काठावर चिटपाखरू नव्हतं. मीही घाबरलो होतो, उगीच शूरपणा सांगत नाही. पण बारा वर्षांपूर्वीची पटकी मी पाहिली होती. तेव्हा आज दहा, उद्या वीस, परवा चाळीस असं चाललं होतं आणि घरटी माणूस गेलं होतं. इथं रविवारी तिन्हीसांजेनंतर एकही नवा माणूस पडला नव्हता. उलट रविवारी पडलेले उठून बसले होते आणि पोटात आग पडते म्हणून कण्हत होते.

बनुबाई पालाच्या सावलीत बसली होती. तिला काही झालं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, आंबट वासच सोसेना, म्हणून रविवारी आंबिलीला तोंड लावलं नाही. पाणी मात्र सगळ्यांबरोबर नदीचंच पीत होती. ओळीत जे मागं बसले होते, ज्यांना डेगीच्या तळातलं मिळालं, त्यांना त्रास जास्त. पुढच्यांना मळमळ आणि एखादी उलटी.

म्हणजे जे काही होतं ते नदीत नव्हतं, डेगीत होतं. कुणी विष घातलं की काय?

मग मला माणसं संशयित दिसायला लागली. नानासोंच्या मेहुण्याला याच वाळवंटात कलिंगडाच्या वाड्या लावायच्या होत्या, हे गावाला ठाऊक होतं. पालं उठली तर फायदा त्यांचा. दुसरा जोतिबा. हा लढाईवरून परत आलेला शिपाई, मंडळाचं स्वयंपाकाचं काम त्याच्याकडं. त्याला तालमीत गाठला तर तो माझ्या नजरेला नजर देईना.

"आंबील कवा केलीती?" मी विचारलं.

"शनिवारी, दिवस मावळायला."

"आन वाटली रविवारी सकाळी?"

"व्हय. रातभर डेगीतच हुती. रोज आमी सकाळी करतो. पर पावनं साडेसहाला येनार हुतं. मेंबरांची आर्डर झाली, आदल्या दिशी तयार ठेवा." मग हळूच म्हणाला, "नाकेदार, माजं हात घान हुतं का वो? त्येनं झालं आसंल?"

एवढा पल्टणीतला गडी, पण रडायच्या बेताला आला होता. विष घालणारा माणूस स्वतःच्या हातांकडं असं बघत नाही. त्याचं नाव मी मनातून काढून टाकलं.

निघताना बनुबाईनं हाक मारली. मनुबाई, म्हणजे लालासाहेबांची बायको, रोज तिच्यासाठी ताकाचा गडवा घेऊन यायच्या. बाळंतपण आमच्याच घरी करू, असं त्यांनी कबूल केलं होतं. रविवारपासून त्या फिरकल्या नव्हत्या.

"आत्याबाई मला इसारल्या का वो?" ती म्हणाली.

मी सांगितलं, रोगाला भीत असतील. पण मनुबाई प्लेगला भ्यायल्या नव्हत्या, हे मलाच ठाऊक होतं.

४

बुधवारी दिवस उगवता उगवता वाळवंटात ओरडा झाला. डेग परत आली होती. जिथून गेली त्याच तीन दगडांवर, नीट मधोमध, झाकण घातलेली.

मी धावत गेलो. जोतिबानं झाकण काढलेलं होतं आणि सगळे दहा हात लांब उभे होते. डेग आतून रुप्यासारखी पांढरी. मी वाकलो तर मला माझंच न दाढी केलेलं तोंड दिसलं. बुडाशी मूठभर शाळूचे दाणे होते आणि त्यावर गुळाचा एक खडा.

"उतारा हाय," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली.

झालं. कुणीतरी करणी केली, पटकीची देवी डेगीत बसवली, हा उतारा ओलांडला तर वंश जाईल, अशी बडबड सुरू झाली. बायका पोरांना मागं ओढायला लागल्या. काहींनी आपणहून पालाच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. नानासो आले, त्यांनी लांबूनच डेगीकडं पाहिलं आणि फौजदारांना सांगितलं की धुळ्याच्या साथीदारांनी भिऊन आणून टाकली, धुळ्याला सोडायचं कारण नाही. बाराला वाळवंट रिकामं.

मी ते दाणे रुमालात बांधून घेतले. लोकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू साप उचलला. पण उतारा टाकणारा तिठ्यावर टाकतो, पिंजर लावतो, लिंबू ठेवतो. घासूनपुसून, झाकण लावून, चुलीवर सरळ ठेवून कोण उतारा टाकतं? आणि वाळवंटातल्या माणसांनी म्हणावं तर त्यांनी शाळू आणि गूळ कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांच्याकडं असलाच तर गावाकडून आणलेला चार मुठी हुलगा.

आठ वाजले होते. बाराला चार तास.

५

मी घरी गेलो तो डोकं धरून बसलो. साळूबाईला त्याचं काय. शेजारच्या तानुबाईची पितळी द्यायची होती, ती तिनं माझ्यासमोर ठेवली आणि नाक्यावर जाताना तेवढी देऊन जा म्हणाली. मी पितळी उचलली आणि उंबऱ्याशी गेलो.

"आवं, थांबा. रिकामी कुटं निघाला घिऊन?" तिनं पितळी ओढून घेतली, कनगीत हात घातला आणि चिमूटभर दाणे तिच्यात टाकले. "दुसऱ्याचं भांडं कुनी रिकामं माघारी देतं व्हय?"

मी पितळीतल्या दाण्यांकडं बघत राहिलो. मग रुमाल सोडून तिच्यापुढं धरला. तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली.

"ह्येला उतारा म्हनत्यात? कुन्या बाईनं डेग नेली, काम झालं, माघारी दिली. हातच्या सवयीनं दानं-गूळ टाकला."

चोरी करणारा भांडं परत देताना दाणे टाकत नाही. ज्याच्या मनात ते मागून नेलेलं असतं तोच टाकतो. पण कोणत्या कामाला नेली? मी जोतिबाचं बोलणं सांगता सांगता म्हणालो की आंबील रात्रभर डेगीतच होती. साळूबाईचा चेहरा एकदम बदलला.

"तांब्याच्या डेगीत? आंबील? आन कल्हई कवा केलीती तिला?"

मला काय ठाऊक. दोनशे माणसं जेवू घालणाऱ्या मंडळात वीस पुरुष होते. कुणी लढाई पाहिलेला, कुणी तुरुंग पाहिलेला. पण कल्हई गेलेल्या तांब्यात आंबट ठेवलं तर ते कळकतं, रात्रभर ठेवलं तर त्याचं विष होतं, हे घरातल्या दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असलेलं त्या विसांत एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. रोज सकाळी करून लगेच वाटत होते तोवर निभावलं. त्या एका दिवशी पाहुण्यांसाठी रात्रभर ठेवली आणि घात झाला.

म्हणून डेग आतून रुप्यासारखी पांढरी होती. नवी कल्हई.

"बाबालाल तर सोमवारी आलाच न्हाई," साळूबाई म्हणाली. "सगळ्या आळीची भांडी वडाखाली मांडून आमी दुपारपतूर बसलो."

पण तो आला होता. माझ्या नाक्यावरूनच आला, चहा न घेता. तिन्हीसांजेला परतही गेला. गावात आला आणि वडाखाली बसला नाही, म्हणजे दिवसभर कुणाच्या तरी घरी होता. भाता लावून, विस्तव करून, दोन हात रुंदीची डेग फिरवायला जागा कुणाच्या घरी? ज्याच्या परड्याला गाडी आत जाण्याएवढा दरवाजा आहे त्याच्याच. असे दरवाजे पेठेत तीन. एक तालमीचा, तिथं मंडळाचीच पोरं मुक्कामाला. दुसरा नानासोंचा, त्यांच्या परड्यात लेकीच्या लग्नाचा मांडव आणि शंभर पाहुणे, तिथं डेग आली असती तर गावभर झालं असतं.

तिसरा दरवाजा कुणाचा हे मला माहीत होतं. त्याच दरवाजातून रोज पहाटे वैरणीची गाडी निघते, वाळवंटाच्या कडेनं मळ्यात जाते आणि परत येते. कडब्याखाली काय आहे हे तिला कुणी विचारत नाही.

मला रडू आलं. खरंच आलं. ज्या माणसानं मला पोटाला लावलं, त्याच्या सोप्यात जाऊन मला हा रुमाल सोडायचा होता.

६

लालासाहेब सोप्यात येरझाऱ्या घालत होते. तीन दिवसांत माणूस वाळला होता. मी बसलो नाही. रुमाल सोडून शाळू आणि गूळ त्यांच्या बैठकीवर ठेवला आणि काय काय झालं ते एका दमात सांगितलं. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या.

लालासाहेब त्या दाण्यांकडं बघत म्हणाले, "डेग आमच्या घरात हुती?"

दोन दिवस ते परड्याकडं फिरकलेच नव्हते, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मनुबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "मी नेली. रविवारी वाढून झाल्यावर काठाला हिरवी कळक दिसली. धुळ्यानं आन गाडीवानानं उचलून गाडीत घातली. त्येला म्हनलं, दोन दिसांत आनून देते, कुनाला बोलू नगंस. तुमचं नाव जाऊ नये म्हनून केलं. त्येला धरत्याल आसं मला वाटलं न्हवतं."

"आन धरल्यावर?" मी विचारलं.

तीन दिवस त्या बाईनं अन्न घेतलं नव्हतं, हे तोंडावरच दिसत होतं. मग बैठकीवर बसत लालासाहेब बोलले, माझ्याशी नव्हे, बायकोशी.

"शनिवारी तू मला सांगितलं हुतंस. तांब्यात आंबट ठिवू नगा म्हनून. मी म्हनलं, बायकांनी मधी बोलू नये. रविवारी उलट्या लागल्या तवाच मला समजलं. नानासो पटकी म्हनले आन मी गप बसलो. मला वाटलं, तूबी पटकीच समजली आसशील."

दोघं एकमेकांचं पाप झाकत एका घरात तीन दिवस फिरत होती आणि त्या पापाखाली धुळा चौकीत बसला होता. मला दोघांचा राग आला आणि दोघांची कीवही आली.

लालासाहेबांनी विचारलं, निवडणूक भाद्रपदात आहे, हे मला माहीत आहे ना.

"ठावं हाय."

"मी न्हाई बोललो तर?"

"तर मी बोलीन," मी म्हणालो. "मग तुमी दिलेली नोकरी तुमीच काढून घ्या. पर ती बाय चाळीस मैल चालली तर वाटंतच बाळंत हुईल, मेंबर. ती जगायची न्हाई."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजत होते. मनुबाई आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. थोड्या वेळानं त्या कण्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याकडं न बघता वाळवंटाच्या वाटेला लागल्या.

७

बारा वाजायला आले तेव्हा अर्धी पालं उतरली होती. नानासो छत्रीखाली उभे होते. फौजदार धुळ्याला घेऊन आले होते, कारण त्याच्या माणसांबरोबर त्यालाही हद्दीबाहेर काढायचं ठरलं होतं. बनुबाई बोचकं बांधून उभी होती, एक हात कमरेवर.

डेगीखाली जाळ होता. मनुबाईंनी कण्यांची पेज शिजवली होती आणि कुणीही जवळ जात नव्हतं. उताऱ्याच्या डेगीतलं कोण खाणार?

मी काठाकडं बघत होतो. लालासाहेब येणार नाहीत असं मला वाटायला लागलं होतं. मग ते आले, चालत, एकटे. एरवी ते आले की मंडळाची पोरं रांगेत उभी राहत. त्या दिवशी त्यांनी हातानंच पोरांना बसवलं.

त्यांनी भाषण केलं नाही. म्हणाले, "ही पटकी न्हवं. आंबील तांब्यात कळकली. रातभर ठेवायचा हुकूम माजा हुता. पावन्यांनी बघावं म्हनून. हिनं नगं म्हनलं हुतं, मी ऐकलं न्हाई. डेग हिनं कल्हईला नेली. धुळ्यानं चोरी केली न्हाई, चोरी मी केली, तीन दिवस खरं लपवून."

नानासो काहीतरी बोलायला गेले. पटकी नव्हे कशावरून, आणि आता ही डेग चांगली कशावरून, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

लालासाहेबांनी पायातल्या वहाणा काढल्या. दरवेळी वाटपाच्या आधी मेंबरांनी चव घ्यायची रीत होती आणि त्यासाठी घरून चांदीचा पेला यायचा, घरीच भरून. रविवारी पाहुण्यांनाही तोच दिला होता. म्हणून तर त्या दोघांना काही झालं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी धुळ्याच्या पालापुढची जर्मनची वाटी उचलली आणि तापलेल्या वाळूत मांडी घालून बसले. मनुबाईंनी वाढलं. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि खाली ठेवली ती रिकामी. मग पुन्हा पुढं केली.

सगळे बघत होते. पहिली कोण हलली असेल तर बनुबाई. बोचकं खाली टाकून, कमरेवर हात ठेवून ती हळूहळू आली आणि मेंबरांच्या शेजारी बसली. तिच्यामागं जोतिबा बसला. मग ओळ लागली.

मनुबाईंनी फौजदारांपुढं जाऊन स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. धुळ्याच्या हाताची दोरी तिथंच सुटली. नानासोंनी डॉक्टर रजेवरून येईपर्यंत पालं राहू द्यायचं मान्य केलं आणि डॉक्टर आल्यावर त्यांनी डेगीची हकीकत ऐकून मंडळातल्या वीसही पुरुषांना उभ्यानं झाडलं.

भाद्रपदात लालासाहेब पडले. मंडळ चालू राहिलं. स्वयंपाकाची व्यवस्था मनुबाईंकडं गेली, साळूबाईही तिथं जायला लागली आणि पाहुणे बोलवायचं बंद झालं.

बनुबाई त्या बुधवारनंतर नवव्या दिवशी मनुबाईंच्या माजघरात बाळंत झाली. मुलगी झाली. दोन महिन्यांनी माणदेशात पाणी झाल्याचा निरोप आला तशी पालं उठली आणि माझ्याच नाक्यावरून गेली. धुळा लोकर पिळत पुढं चालला होता. बनुबाई माझ्यापाशी थांबली. बाळाच्या अंघोळीसाठी मनुबाईंनी दिलेलं तांब्याचं घंगाळं तिनं माझ्या हातात ठेवलं आणि आत्याबाईंना पोचतं करा म्हणाली.

ते वळणापलीकडं गेल्यावर मी घंगाळ्यात पाहिलं. बुडाशी मूठभर हुलगा होता.

घंगाळं घेऊन मी मेंबरांच्या घरी गेलो. पुढं ते निवडणुकीत पडले तरी लोक त्यांना मेंबरच म्हणत. मनुबाईंनी आत पाहिलं आणि त्या पायरीवर बसल्या. ते दाणे त्यांनी कनगीत टाकले नाहीत. त्या साली सगळं रान उसाचं असलेल्या आमच्या शिवारात लालासाहेबांच्या बांधाला दोन हात हुलगा उगवला. लोक हसायचे. लालासाहेब कुणाला त्याचं कारण सांगत नसत.